वर्गणी मागण्याआधी एक स्टॉप वाजता करा

प्रश्न थोडक्यात असा: "मुंबईतल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी बनावटीचा पाइप ऑर्गन आहे. वीसेक वर्षं बंद आहे. एका ठेकेदाराने 'सगळा उतरवून नव्यासारखा करून देतो' असं कोटेशन दिलंय. कमिटीतले काही जण म्हणतात, त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक घ्या. पॅरिश लहान, माणसं मध्यमवर्गीय. लोकवर्गणीतून हे जमेल का? सुरुवात कुठून करायची?"

जमेल. पण कमिटी ज्या क्रमाने विचार करते आहे तो बदलावा लागेल. आधी कोटेशन, मग आकडा, मग पावतीपुस्तकं, आणि ऑर्गन वाजणार तो सगळ्यात शेवटी, असा तुमचा बेत दिसतो. वीस वर्षं बंद, म्हणजे विशीच्या आतल्या कुणीही तो ऐकलेलाच नाही. त्यांच्या लेखी ते गॅलरीतलं धूळ खाणारं अवाढव्य कपाट आहे, आणि कपाटाच्या दुरुस्तीला कोण कशाला पैसे देईल? म्हणून वर्गणीचा पहिला कागद छापण्याआधी, कमिटीने थोडी पदरमोड करून, निदान एक स्टॉप, म्हणजे एका जातीच्या आवाजाची नळ्यांची रांग, वाजता करावा.

मोठ्या संस्थांनाही हा क्रम चुकलेला नाही. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला ऑर्गन १९५४ चा, हॅरिसन अँड हॅरिसन या कारखान्याचा, ७,८६६ नळ्यांचा. तो चर्चमधला नसला तरी त्याची वर्गणी-मोहीम अभ्यासण्याजोगी आहे. हॉलच्या नूतनीकरणासाठी तो उतरवला होता. २००७ मध्ये हॉल पुन्हा उघडला तेव्हा ऑर्गनचा साधारण एक तृतीयांश भागच परत बसवला होता. तेवढा वाजत राहिला, लोकांना त्याचा आवाज आणि अपुरेपण दोन्ही कळलं, आणि उरलेल्या भागासाठी २३ लाख पौंड उभे राहिले. त्यातले साडेनऊ लाख ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून चालणाऱ्या वारसा निधीचे, बाकी देणगीदारांचे. एकेक नळी ३० पौंडांपासून १० हजार पौंडांपर्यंत 'दत्तक' दिली गेली. मार्च २०१४ मध्ये अख्खा ऑर्गन वाजला.

आता तुमच्याकडे. सगळ्यात आधी हा खरोखर पाइप ऑर्गनच आहे ना, ते बघा. हसू नका. आपल्याकडे 'ऑर्गन' म्हटलं की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. तो पितळी पट्ट्यांवर वाजतो, म्हणजे आपल्या पेटीचाच थोरला भाऊ. असे ऑर्गन चर्चमध्येही पुष्कळ होते आणि काहींना शोभेसाठी समोर रंगवलेल्या नळ्या लावलेल्या असत. बाजूची फळी काढून आत टॉर्च मारा. नळ्यांच्या रांगांमागे रांगा उभ्या दिसल्या तर पाइप ऑर्गन. दर्शनी नळ्यांमागे आत रांगाच नसतील तर प्रश्न वेगळा, खर्चही बराच कमी, आणि पुण्या-मुंबईतला पेटी दुरुस्त करणारा चांगला कारागीर तुम्हाला पुरेल.

पाइप ऑर्गन असेल तर त्याची रचना कमिटीतल्या प्रत्येकाला कळली पाहिजे, कारण देणगीदार पहिला प्रश्न तोच विचारणार. ब्लोअर (विजेवर चालणारा पंखा) किंवा हातभाता वारा भरतो. तो वारा वजन ठेवलेल्या मोठ्या भात्यात साठतो आणि एका ठरावीक दाबाने लाकडी वाऱ्याच्या पेटीत येतो. दाब म्हणजे पाण्याच्या नळीत मोजला तर तीनेक इंच, फार नाही. पेटीवर नळ्या उभ्या असतात. स्टॉप ओढला की एका रांगेखालची भोकं असलेली पट्टी सरकते, कळ दाबली की खालची कातडं लावलेली झडप उघडते, आणि या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच नळी बोलते. जुन्या इंग्रजी ऑर्गनला बहुधा ५६ कळा, म्हणजे एका स्टॉपच्या ५६ नळ्या. 'आठ फुटी' स्टॉपची सर्वांत खर्जातली नळी आठ फुटांची आणि टिपेची बोटाएवढी.

यात नळ्या क्वचितच बिघडतात. शिसं-कथील, जस्त किंवा लाकूड यांची नळी शंभर-दीडशे वर्षं सहज जगते. मरतं ते कातडं. भात्याच्या घड्यांचं, झडपांचं, नळीवजा जोडांचं. शिवाय सरस सुटतो, उंदीर कातडं खातात, वाळवी पेटीच्या तळातून वर येते, पावसाळ्यात सरकपट्ट्या फुगून अडकतात. झडपेत कचरा अडकला की बोट उचलूनही सूर थांबत नाही. हे ऐकून घाबरलेल्या कमिट्या पाहिल्यात, पण हा दोष बऱ्याचदा अर्ध्या तासाचं काम असतो. उलट भाता फाटलेला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, नुसती सळसळ ऐकू येते, आणि तो खर्च मोठा.

म्हणून पहिला खर्च तटस्थ तज्ज्ञाच्या अहवालाचा. ज्याला काम मिळणार आहे त्याने अहवाल लिहायचा नाही, ही अट सोडू नका. अहवालात प्रत्येक स्टॉपच्या नळ्या मोजलेल्या हव्यात, किती मूळच्या, किती नंतर बदललेल्या, वाऱ्याचा दाब किती, सूर कुठल्या पट्टीत आहे, आणि सगळ्याचे फोटो. नळ्यांवर बनवणाऱ्याने टोचलेली अक्षरं असतात, कधी कारागिराची सही आणि सालही असतं. तेही टिपून घ्या. पुढे देणगीदारांना दाखवायला त्याच्याइतकं बोलकं काही मिळत नाही.

तुमच्या ठेकेदाराच्या 'नव्यासारखा' या शब्दाने मी सावध झालो. कोटेशनमध्ये सूर आजच्या प्रमाण पट्टीला (४४० हर्ट्झला) आणण्यासाठी नळ्या कापणार, असं लिहिलेलं असेल तर तो कागद तिथेच बाजूला ठेवा. कापलेली नळी परत वाढत नाही. कळा आणि झडपांमधल्या लाकडी पट्ट्या काढून विजेची यंत्रणा बसवायची असेल तर तेही लगेच मान्य करू नका. त्या पट्ट्या सुतारकामाच्या आहेत, आपल्याकडचा कुशल सुतार त्या पिढ्यान् पिढ्या दुरुस्त करू शकतो. विजेच्या यंत्रणेतल्या चुंबकांचे सुटे भाग मात्र काही वर्षांनी कुठून आणणार?

आता तो एक स्टॉप. शक्यतो स्टॉप्ड डायपेसन नावाचा निवडा. त्याच्या नळ्या बहुधा लाकडी आणि वरून बुचाने बंद असतात, म्हणून चार फुटांच्या नळीतून आठ फुटांचा सूर निघतो. आवाज मऊ, आणि वारा कमी लागतो. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली एका आठवड्यात होईल असं हे काम आहे. भात्याची फाटकी घडी शोधायची, त्यावर मेंढीच्या कमावलेल्या कातड्याचा ठिगळ लावायचा. ठिगळाच्या कडा धारदार सुरीने तासून कागदासारख्या पातळ करायच्या, म्हणजे घडी मिटताना कड उचलली जात नाही. सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करायचा, लावायचा, आणि गरम ओल्या फडक्याने दाबत न्यायचा. बाजारातला पांढरा गोंद चुकूनही वापरू नये. सरस पुढे ऊन पाण्याने सोडवता येतो, पांढरा गोंद कातड्याबरोबर लाकूडही घेऊन येतो.

मग त्या एका रांगेच्या नळ्या एकेक करून काढायच्या आणि क्रमांक घातलेल्या ट्रेमध्ये ठेवायच्या. बुचांचं कातडं सैल झालं असेल तर बदलायचं. शेजारच्या रांगेतल्या धातूच्या नळ्या हलवाव्या लागल्याच तर तोंडाजवळ धरू नयेत. शिशाचा धातू इतका मऊ असतो की अंगठ्याचं नख उमटतं, आणि तोंडाची कड केसभर वाकली तरी नळीचा सूर बदलतो. हौशी स्वयंसेवकांना नळ्यांपासून लांब ठेवा, त्यांना फोटो, नोंदी आणि गॅलरीची झाडझूड द्या.

स्टॉप वाजला की मैफल ठेवू नका, एका स्टॉपवर मैफल होत नाही. रविवारच्या उपासनेनंतर दहा-पंधरा मिनिटं द्या. बाजूची फळी काढून ठेवा, म्हणजे आतलं दिसेल. जुन्या ऑर्गनला बाजूला हाताने भाता मारायचा लाकडी दांडा बऱ्याचदा शाबूत असतो. त्याच्याजवळ दोरीला बांधलेला शिशाचा छोटा गोळा असतो. भाता भरला की गोळा खाली येतो, रिकामा होत आला की वर जातो. पोरांना तो दांडा द्या आणि गोळा अमुक खुणेच्या वर जाऊ द्यायचा नाही एवढं सांगा. वर कोणीतरी ओळखीचं स्तोत्र वाजवतंय, खाली पोरं घामाघूम होतायत, आणि त्यांचे आईबाप हे बघतायत. वर्गणीचा फॉर्म त्या दिवशी वाटा. त्याआधी नाही.

चर्चच्या बाहेरची माणसंही बोलवा. लहान पॅरिशच्या भरवशावर हा खर्च निघणार नाही आणि निघावा अशी अपेक्षाही नको. आसपासच्या मिशन शाळांचे माजी विद्यार्थी, पेटीवादक, नाट्यसंगीताची वेडी मंडळी, जुन्या मुंबईच्या इतिहासाचे अभ्यासक, यांतल्या कितीजणांनी खराखुरा पाइप ऑर्गन जवळून पाहिलाय? पेटीवादकाला आत नेऊन झडपा दाखवा, पुढची अर्धी मोहीम तोच चालवील.

नळी दत्तक योजना आपल्याकडेही चालते, फक्त तिच्यातली मेख समजून घ्या. समजा दोन कळपट्ट्यांचे (कीबोर्डांचे) मिळून अकरा स्टॉप आणि पायाने वाजवायच्या पट्टीचा एक तीस सुरांचा. म्हणजे ६१६ अधिक ३०, एकूण ६४६ नळ्या. काम ४० लाखांचं असेल तर सरासरी नळीला सहा हजारांवर येते. पण सगळ्यांना एकच भाव लावू नका. टिपेची नळी हजारात द्या, म्हणजे घरकाम करणाऱ्या मावशींचंही नाव यादीत येईल. खर्जातली लाखात द्या. प्रत्येकाला दर्शनी सोनेरी नळ्याच हव्या असतात आणि नेमक्या त्यांतल्या काही मुक्या, नुसत्या शोभेच्या असू शकतात. मुकी नळी विकायची असेल तर ती मुकी आहे हे सांगून विका.

दुसरं, पैसे नळीच्या नावावर येतात पण खर्च होतो भात्यावर, कातड्यावर, वाळवीवर. पावतीवर 'अमुक नळीच्या दुरुस्तीसाठी' असं लिहिलंत तर उद्या एखादा देणगीदार हिशेब मागेल आणि त्याचं चूक नसेल. पावतीवर 'ऑर्गन जीर्णोद्धार निधी' एवढंच हवं, नळीचं नाव प्रमाणपत्रावर. काम काही कारणाने झालंच नाही तर पैशांचं काय करायचं, ती ओळ फॉर्मवर पहिल्या दिवसापासून छापा. निधीचं वेगळं बँक खातं, दोन सह्या, आणि दर महिन्याला जमाखर्च चर्चच्या फलकावर. आपल्याकडे वर्गणी देताना माणूस कामाइतकाच खजिनदाराकडे बघतो.

कायद्याचं थोडक्यात, कारण हे तुमच्या सीएने बघायचं काम आहे. इमारतीची मालकी ज्या ट्रस्टकडे आहे त्याची लेखी परवानगी आधी. मुंबईत चर्च वारसा यादीत असेल तर हेरिटेज समितीकडेही विचारा, पहिल्या श्रेणीत आतल्या बदलांनाही बंधनं असतात. देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत (80जी म्हणून ओळखली जाते ती) ठरावीक धर्मसमुदायासाठीच असलेल्या ट्रस्टला सहसा मिळत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय जाहिरातीत लिहू नका. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) राष्ट्रीय वारसा, कला आणि ऐतिहासिक वास्तूंचं जतन बसतं, तिकडे अर्ज करताना वाद्याचा वारसा पुढे ठेवा. आणि परदेशातल्या देणग्या! इथे भल्याभल्यांची गफलत होते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगीत मोडत नाहीत. पण त्याच्याच भावाने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या नागरिकाचं) कार्ड असूनही त्याचे पैसे परकीय. त्यासाठी ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातंच लागतं. पूर्वी इथे पोस्टिंगवर असलेल्या घराण्यांचे इंग्लंडमधले वंशज उत्साहाने चेक पाठवतील. नोंदणी नसेल तर नम्रपणे परत करा.

आपल्या हवेत हे वाद्य टिकेल का, ही शंका कमिटीत कोणी काढली असेलच. तिचं उत्तर फिलिपिन्समध्ये आहे. मनिलाजवळच्या लास पिन्यास इथल्या चर्चमध्ये दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १८१६ ते १८२४ या काळात बांबूचा ऑर्गन उभारला. १,०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप झाले, वादळात छप्पर उडालं, ऑर्गन कैक वर्षं मोडक्या अवस्थेत पडून होता. १९७३ मध्ये तो जर्मनीत बॉनच्या क्लाइस कारखान्यात गेला. तिथे त्याच्यासाठी एका खोलीत मुद्दाम फिलिपिन्ससारखी उष्ण-दमट हवा तयार केली, नाहीतर जर्मन थंडीत जुळवलेला ऑर्गन मनिलात पोचताच बिघडला असता. १९७५ मध्ये तो परत आला, तोवर गावकऱ्यांच्या हातभाराने चर्चची इमारतही पूर्ववत झाली होती. त्यानंतर तिथे दरवर्षी त्या ऑर्गनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. स्थानिक तरुण युरोपात जाऊन ऑर्गन बांधणी शिकून आले आणि १९९४ मध्ये त्यांनी त्याच गावात दिएगो सेराच्या नावाने कार्यशाळा काढली. आज देखभालीसाठी त्यांना बॉनकडे बघावं लागत नाही.

तुमच्या करारातही हेच घाला. बाहेरचा तज्ज्ञ येईल तेव्हा त्याच्या हाताखाली दोन स्थानिक कारागीर पूर्ण वेळ असतील, एक सुतार आणि एक पेटी दुरुस्त करणारा, आणि त्यांचा पगार निधीतून जाईल. परदेशी तंत्रज्ञ दर वर्षी विमानाने आणणं तुम्हाला झेपणार नाही. किरकोळ सूर जुळवणं, अडकलेली झडप मोकळी करणं, ठिगळ लावणं एवढं या दोघांना आलं तरी पुरे.

हवेचा आणखी एक मुद्दा. तापमान चढलं की साध्या नळ्यांचा सूर चढतो, दर अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). म्हणजे दहा अंशांनी अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाइतका फरक. जिभेच्या नळ्या (ज्यांच्यात धातूची पातळ जीभ थरथरून सूर काढते) मात्र जवळपास जागच्या जागी राहतात, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजवले की बेसूर लागतं. अशा वेळी त्या थोड्याशा जिभेच्या नळ्या जुळवायच्या, बाकीच्या शेकडो नळ्यांना हात लावायचा नाही. आणि उपासनेपुरता दोन तास एसी लावण्याची कल्पना निघाली तर विरोध करा. रोजची दमट हवा लाकडाला चालते. आठवड्यातून एकदा अचानक कोरडं केलं की पेटीच्या फळ्या तडकतात आणि शेजारच्या सुरात वारा गळू लागतो. पंखे चालू द्या, गॅलरीच्या खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी मारा, वाळवीचं औषध कातड्यावर फवारू देऊ नका.

ठरलेल्या रकमेचे निदान दोन तृतीयांश खात्यात जमल्याशिवाय ऑर्गन उतरवायचा नाही, हे इतिवृत्तात लिहून ठेवा. उतरवलेला ऑर्गन म्हणजे खोकी. पैसे आटले की ती खोकी कुठल्यातरी खोलीत वर्षानुवर्षं पडतात, वरच्या वजनाने खालच्या नळ्या चेपतात, आणि नवी कमिटी आली की भंगारवाल्याला फोन जातो. पैसे कमी पडत असतील तर काम टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात भाता आणि एक कळपट्टी, ती वाजू लागली की दुसऱ्या टप्प्याची वर्गणी. उतरवण्याचं काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर धरा. अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के अनपेक्षित खर्चासाठी हवेत, कारण वाऱ्याच्या पेटीचा तळ उघडल्याशिवाय वाळवी कुठवर गेली ते कळत नाही. आणि एकूण रकमेच्या दहा टक्के मुदत ठेवीत जायला हवेत. त्याच्या व्याजातून दरवर्षी सूर जुळवणं आणि साफसफाई. ही ठेव वर्गणीच्या आकड्यातच धरा, नंतर वेगळी मागितली तर कोणी देत नाही.

इलेक्ट्रॉनिकचं म्हणणाऱ्यांना शत्रू समजू नका. काम चालू असताना रविवार चालवायला एखादा भाड्याने आणावाच लागेल. विकत घेणं स्वस्तही पडेल. पण वीस-पंचवीस वर्षांनी त्याचे भाग मिळेनासे होतील आणि तेव्हाच्या कमिटीला पुन्हा पहिल्यापासून वर्गणी काढावी लागेल, हे त्यांच्यापुढे ठेवा. एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. अहवालात निम्म्याहून जास्त नळ्या चोरीला गेलेल्या किंवा वाऱ्याची पेटी वाळवीने पोखरलेली निघाली तर जीर्णोद्धाराचा हट्ट धरू नका. मग उरलेलं नीट नोंदवून, सुरक्षित बांधून ठेवणं हेच योग्य, आणि इलेक्ट्रॉनिक घ्या.

तूर्त ठेकेदाराला 'अहवाल आल्यावर कळवू' एवढं लेखी द्या, सही किंवा आगाऊ रक्कम काहीही देऊ नका. ब्लोअर चालू करून बघायचा मोह आवरा, कारण इतक्या वर्षांच्या वायरिंगमध्ये उंदीर काय करून बसलेत ते इलेक्ट्रिशियनने आधी तपासलं पाहिजे. तोवर हाताने भाता मारायचा दांडा शाबूत आहे का, तेवढं बघून त्याचे फोटो पाठवा.